बंब विझल्यावर

सकाळी ६.३०
शिरोली एमआयडीसीच्या मागच्या अंगाला एक गाव आहे. तिथं मिस्त्री परड्यात उकिडवे बसलेत. समोर निळा प्लास्टिकचा टब, आणि त्यात रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवलेला मॅनिफोल्ड. पूर्वी हे रॉकेलमध्ये व्हायचं. रॉकेल मिळेनासं झालं, आता डिझेलवर भागवायचं.

मॅनिफोल्ड जिप्सी किंगचा, १३०० सीसीच्या सोळा व्हॉल्व्हवाल्या इंजिनाचा. चार नळ्या, त्यांना जोडणारी एक पेटी, अंगभर आटे आणि नळकांडी. हवा ह्याच्यातून इंजिनात जाते, एवढंच म्हटलं तर काम. पण कूलंटची वाटही ह्याच्याच पोटातून काढलेली आहे. एका ओतकामाला दोन दुखणी.

गाडी गारगोटीकडच्या एका पोराची, लिलावातून घेतलेली. जिप्सी १९८५ साली आली, हे एमपीएफआय इंजिन तिला २००० साली मिळालं आणि २०१९ मध्ये ती सामान्य गिऱ्हाइकाला मिळायची बंद झाली. नवा मॅनिफोल्ड शोधत बसण्यापेक्षा जुना जगवलेला परवडतो. मिस्त्रींचं घर अशा जुन्या सामानावरच चालतं.

७.१०
मिस्त्रींच्या मालकीण डबा घेऊन निघाल्या. त्या कोअर शॉपला जातात. फाउंड्रीत साच्यात ठेवायचे वाळूचे कोअर तिथं तयार होतात. मिस्त्री स्वतः अकरा वर्षं फेटलिंगला होते. ओतून निघालेल्या मालाच्या कडा ग्राइंडरनं मारायच्या. कंत्राटदाराकडं हजेरी होती, भरलेला दिवस तेवढा पगाराचा.

"आंघुळी उरकल्यात सगळ्यांच्या. बंब इझवा आठवणीनं," त्या दारातनंच सांगतात.

मिस्त्री मान हलवतात. हात टबात कोपरापर्यंत. बाटली धुवायचा लांब ब्रश नळीत जातो आणि काळं, चिकट पाणी घेऊन बाहेर येतो. इंजिनाच्या पोटातली तेलाची वाफ परत ह्याच पेटीत सोडलेली असते, तिचा हा थर. डिझेल गाडीचा मॅनिफोल्ड असता तर इजीआरनं परत आत सोडलेल्या धुराच्या काजळीनं निम्मी नळी बुजलेली असती. त्यामानानं हे स्वच्छच म्हणायचं.

शेजारचा पोरगा कंपाउंडवरनं डोकावतो. "मामा, कॉस्टिक सोड्यात टाका की. झटक्यात निघंल."

"लोखंड असतं तर टाकलं असतं. सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो. मळ निघंल आणि मॅनिफोल्डबी जाईल त्याच्यासंगं."

मग साधी भांड्याची पावडर, गरम पाणी, जुना टूथब्रश. पुन्हा डिझेल. पुन्हा पावडर.

८.१५
खरं दुखणं हे. थर्मोस्टॅटच्या झाकणाचा एक बोल्ट आतच तुटलाय. वर जेमतेम तीन-चार मिलिमीटर बोंड शिल्लक आहे. लोखंडी बोल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यात वर्षानुवर्षं बसला, कूलंटच्या जागी नळाचं पाणी फिरलं, आणि आट्यात पांढरा खार धरून सगळं एकजीव झालं. रात्री तेल सोडून ठेवलं होतं. व्हाइस ग्रिप लावून बघितली. हलत नाही.

मी विचारलं, ईझी-आउट का नाही वापरत? मिस्त्रींनी डब्यातून एक काढून दाखवला, टोक मोडलेला. "ह्यो आत मोडला की ड्रिलबी चालत नाही त्याच्यावर. बोल्ट परवडला."

छोटा गॅसचा टॉर्च पेटतो. ज्योत बोल्टावर नाही, त्याच्या भोवतीच्या अंगावर फिरते. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त फुगतं, म्हणजे भोक मोठं होतं. पण फार तापवलं तर हे ओतकाम रंग बदलून सांगत नाही, एकदम खाली बसतं. म्हणून मिस्त्री मध्येच ज्योत काढतात, थेंबभर पाणी टाकतात, चर्र आवाज ऐकतात आणि पुन्हा धरतात. मग ज्योत बाजूला. हातात साधी मेणबत्ती. ती बोंडाच्या मुळाशी टेकवली. मेण वितळून गोल पसरलं, आणि बघता बघता कडेनं आत ओढलं गेलं. आट्यात शिरलं. निवू दिलं. पुन्हा तापवलं, पुन्हा मेण.

तिसऱ्या खेपेला व्हाइस ग्रिप. आधी आवळायच्या दिशेनं केसभर, मग सोडायच्या. मागं, पुढं. मिस्त्री श्वास धरून आहेत. 'किर्र' असा बारीक आवाज आला. त्यांनी जोर वाढवला नाही, उलट कमी केला. पाव फेरा. अर्धा. मग बोल्ट निघाला तो गंजानं आणि मेणानं लडबडलेला.

आठ नंबरचा टॅप तेल लावून हातानंच आट्यातून फिरवला. पांढरी पूड बाहेर आली. आटा शाबूत आहे. मिस्त्रींनी तुटका बोल्ट खिशात टाकला. गिऱ्हाइकाला दाखवायला लागतो, नाहीतर ह्या दीड तासाचे पैसे कशाचे ते कळत नाही त्याला.

१०.००
स्कूटरवर मी मागं, मांडीवर मॅनिफोल्ड. निघालो आर्गॉन वेल्डिंगवाल्याकडं. कूलंटचा पाइप जिथं चढतो त्या नळकांड्याची कड खारानं खाल्लीय, चाळण झालीय. क्लिप कितीही आवळा, तिथनं गळणारच. कुणीतरी एम-सील थापलं होतं. मिस्त्रींनी ते पहाटेच खरवडून टाकलं.

आर्गॉनवाला आधी मॅनिफोल्ड हुंगतो. "डिझेलचा वास येतोय. फुटकुळ्या येतील." पुन्हा थिनरनं पुसला, तापवला, पुसला. मग काच खाली ओढून निळसर ठिणगी. भराव पडायला पाच मिनिटं. घेतले चारशे. घासाघीस नाही. हा भराव दुसऱ्या कुणाचा टिकत नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे.

तिथंच मारा करून देणाऱ्याचा खोपा आहे. शंभर-दीडशेत वाळूच्या माऱ्यानं सगळं अंग पांढरंशुभ्र करून मिळतं. मिस्त्री तिकडं बघतही नाहीत. नळीच्या वळणात चार कण जरी अडकून राहिले तर ते सिलिंडरमध्ये जाणार, भिंतीवर ओरखडे काढणार. बाहेरचं अंग ते हातानंच घासतात. तेही पितळी ब्रशनं. लोखंडी ब्रशाचे कण मऊ धातूत रुततात आणि पुढं रंगाखालून गंजाचे ठिपके उमटतात.

११.४५
भराव घासणं चाललंय. अ‍ॅल्युमिनियम कानशीच्या दातांत भरतं, म्हणून कानशीला आधी खडू चोळायचा. शाळेचा पांढरा खडू. पोराच्या दप्तरातला असावा.

मग तोंड बघायचं, म्हणजे हेडला टेकणारी बाजू. स्टीलची पट्टी उभी धरून तिच्याखाली फीलर गेज सरकवला. ०.१० मिलिमीटरची पात जाता कामा नये. एका टोकाला गेली. परड्यात फळीवर जाड काच आहे, फर्निचरच्या दुकानातला तुकडा. तिच्यावर १८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला. तोंडावर मार्करनं जाळी आखली आणि मॅनिफोल्ड काचेवर आठच्या आकारात फिरवायला सुरुवात केली. जोर द्यायचा नाही, वजन त्याचं त्यालाच पुरतं. रेघा सगळीकडच्या पुसल्या की तोंड सपाट. त्या टोकाच्या दोन रेघा बराच वेळ हटेनात.

एवढी निगुती कशाला? इथनं चोरून हवा ओढली गेली की गाडी उभ्या उभ्या थरथरते, आणि गिऱ्हाईक प्लग बदलत बसतं.

१.३०
भाकरी, पिठलं, ठेचा. जेवता जेवता हिशोब. मिस्त्री बोटावर सांगतात: डिझेल १८०, पॉलिश पेपर १२०, आर्गॉन ४००, थिनर १५०, प्रायमर-रंग-हार्डनर धरून ४५०, स्कूटरचं पेट्रोल ५०. झाले १,३५०. ठरलेत तीन हजार. उरले १,६५०, दिवस पुरा धरून. रोज असं काम असतं का, ते मी विचारलं. "रोज असतं तर परड्यात केलं असतं व्हय?"

गिऱ्हाइकानं स्वतःचा स्प्रे पाठवलाय. सायलेन्सरचा, ६०० डिग्री लिहिलेला. मिस्त्रींनी तो कोनाड्यात ठेवून दिला. तो रंग भाजल्याशिवाय पिकत नाही, दोनशेच्या घरात उष्णता लागते. मॅनिफोल्डमधून थंड हवा आणि कूलंट फिरतं, तो एवढा तापतच नाही. कच्चा राहिलेला रंग पेट्रोलच्या पहिल्या थेंबाला निघतो. डब्यावरचा आकडा मोठा असला की माल भारी, असं लोकांना वाटतं.

२.४५
शेवटची धुलाई. स्वच्छ पाणी अंगावर सोडायचं आणि बघत राहायचं. पाणी सलग पसरलं तर तेल गेलं. एका वळणावर पाणी फाटलं, थेंब वेगळे झाले. तिथं परत थिनरचं फडकं. मग पत्र्यावर उन्हात तासभर. ओतकाम तापलं की बारीक छिद्रांत दडलेलं तेल घाम फुटल्यासारखं वर येतं. आलंच. पुसलं.

आट्यांत जुने बोल्ट, नळ्यांत चिंध्यांचे बोळे, तोंडावर मास्किंग टेप. गॅस्केटच्या जागी रंग नको. बोळे किती घातले ते मिस्त्री भिंतीवर कोळशानं लिहितात: ६.

४.००
परड्यात रंग मारता येत नाही. गाळपाचे दिवस आहेत, साखर कारखान्याच्या चिमणीतनं उसाच्या भुश्श्याची काळी राख उडत असते. वाळत घातलेल्या धोतरावर पडते तशी ओल्या सिल्व्हरवरही पडेल. म्हणून रंग न्हाणीघरात. चारी बाजूंना जुने फ्लेक्स लावलेत. एका कोपऱ्यात कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा उलट्या लटकल्यात. फरशीवर पाणी शिंपडलं, धूळ बसते. बंबात हात घालून निखारा नाही ना, ते बघितलं. दिवा बंद. थिनरची वाफ आणि ठिणगी एका खोलीत नको. उजेड खिडकीचा. कॉम्प्रेसर बाहेर, पाइप दाराखालनं आत.

आधी वॉश प्रायमर, इतका पातळ की धातू खालनं दिसावा. नुसतं रेड ऑक्साइड अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही. ते वाळल्यावर टू-के पीयू सिल्व्हर: चार भाग रंग, एक भाग हार्डनर, सिरिंजनं मोजून. हार्डनर छातीला वाईट. मिस्त्री कोळशाच्या डब्यांचा मास्क चढवतात आणि मला बाहेर काढतात.

दाराच्या फटीतून दिसतं ते एवढंच. गन एक वीत अंतरावर, हात खांद्यापासून हलतोय, मनगट स्थिर. आधी आतली वळणं, मग उघडं अंग. रंगाचा पहिला हात झाला की दहा मिनिटं थांबणं. दुसरा, पुन्हा थांबणं, तिसरा. पहाटेपासून चाललेल्या कामातला रंगाचा भाग तो हा. पाऊण तासाचा.

५.४०
मालकीण आल्या. हातपाय धुवायला न्हाणीघराकडं वळल्या आणि दारातच थांबल्या.

"ह्ये कवा निघणार हितनं?"

"सकाळच्याला काढतो."

"सकाळी पाणी तापवायचं हाय. पाचला."

सहाच्या सुमाराला रंग बोटाला लागेनासा झाल्यावर मिस्त्रींनी टांगलेल्या तारेसकट मॅनिफोल्ड उचलला आणि माळ्यावरच्या वाशाला टांगला. वरनं वर्तमानपत्राचा तंबू.

७.१५
गारगोटीचा पोरगा आला. मोबाइलचा दिवा मारून वर बघितलं. "मामा, जरा चमक कमी वाटतीय."

"कंपनीतनं येताना चमकत नव्हताच. साधा धातू असतो. चमक पायजे तर क्लिअर मारतो, पाचशे वर."

पोरगा गप्प. मिस्त्रींनी खिशातनं तुटका बोल्ट काढून त्याच्या तळव्यावर ठेवला. मग सूचना. उद्या संध्याकाळी न्यायचा, आज नाही. आठवडाभर पेट्रोल लागू द्यायचं नाही. गॅस्केट नवीनच. बोल्ट मधनं बाहेर आवळत जायचे. कूलंट घाल, नळाचं पाणी नको. आणि बसवायच्या आधी बोळे मोजून काढायचे, सहा आहेत. बोळा आत राहिलेली गाडी त्यांनी बघितली आहे.

पैसे फोनवर आले. दोन हजार आज, हजार उद्या.

"टॅपेट कव्हरचं काय घेशिला?" पोरगा चप्पल घालता घालता विचारतो.

"कसलं करायचं?"

"लाल."

"हजार."

"आठशे करा की मामा."

"आण तर आधी. बोल्ट किती मोडल्यात बघू."