लायसन्स चालू आहे का, तपासलंत?

सभासद बांधवांनो, मासळीची पिकअप चालवणारे आपल्यात बरेच आहेत. खिशात कार्ड असलं की आपण निर्धास्त. पण खरी नोंद सरकारच्या ‘सारथी’वर असते. परिवहनच्या वेबसाईटवर लायसन्स नंबर आणि जन्मतारीख घातली की मुदत, गाडीचा वर्ग, लायसन्स चालू की निलंबित, सगळं फुकटात दिसतं.

मालासकट ७५०० किलोपर्यंतच्या मालगाडीला हलक्या मोटारीचं लायसन्स चालतं, हे सुप्रीम कोर्टाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केलं आहे. त्यावरचा ट्रक असेल तर ‘ट्रान्सपोर्ट’ची तारीख वेगळी बघा. ती साधारण ५ वर्षांचीच असते, आणि लोक नेमकी दुसरीच तारीख वाचून गप्प बसतात! मुदत संपून वर्ष उलटलं की पुन्हा टेस्ट. मध्ये अपघात झाला तर विम्याचे पैसे अडतात ते वेगळंच.

कॅमेऱ्याचं चलान गाडीच्या नंबरावर पडतं. ते ई-चलानच्या सरकारी पानावर गाडी नंबर आणि चेसिसचे शेवटचे आकडे घालून बघा. जुना टेम्पो घेताना तर हे आधी. नाहीतर मागच्या मालकाचा दंड ट्रान्स्फरच्या वेळी आपल्या गळ्यात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली चलानची फाईल मात्र उघडू नका.

जमत नसेल तर लायसन्स आणि आरसी घेऊन ऑफिसात या, आम्ही बघून देतो. १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत वेळही असतो.