पाळणाघर चालवताय? आधी गादी बघा

"मूल तुमच्याकडे आलं की शिंकतं, घरी बरं असतं," असं एक आई म्हणाली की पाळणाघराचा धंदा हलतो. फरशी चकाचक असली तरी कारण बऱ्याचदा गादीत असतं.

आपल्या अंगाची मृत त्वचा खाऊन जगणारे धूळकिडे गादी, उशी आणि मऊ खेळण्यांत राहतात. डोळ्यांना दिसत नाहीत. मुख्य त्रास त्यांच्या विष्ठेचा: शिंका, वाहतं नाक, काहींना दमा. त्यांना दमट हवा मानवते, आणि आपला कोल्हापूरचा पावसाळा म्हणजे महिनोन् महिने ओल. 2019 आणि 2021 चा पूर बघितलेल्यांना भिंतीवरची बुरशी वेगळी सांगायला नको. तीही अ‍ॅलर्जी वाढवते.

मग करायचं काय?

1. चादरी, अभ्रे दर आठवड्याला 60 अंश गरम पाण्यात धुवा. साध्या पाण्यात बरेचसे किडे जगतात.
2. पुसता येतील अशा रेक्झिनच्या गाद्या घ्या.
3. झाडलोट मुलं यायच्या आधी, मग ओलं फडकं.
4. खरकटं उघडं ठेवू नका. झुरळांचीही अ‍ॅलर्जी असते.
5. मुलांच्या खोलीत उदबत्ती, डासांची कॉइल नको. धुराने दमा बळावतो.

प्रवेशाच्या फॉर्मवरच विचारा, 'दमा किंवा अ‍ॅलर्जी आहे का?' मुलाला धाप लागली तर पालकांना फोन करा आणि लगेच डॉक्टरांकडे न्या.

आणि हो, चादरी धुण्याचा वार दारापाशी लिहून लावा. पालकांनी विचारायच्या आधी त्यांना दिसू दे!