आपणहून मिटणारे बूच

सकाळची वेळ. एका शेगडीवर तवा तापलेला, दुसरीवर फोडणीची तयारी. गृहिणी एका हाताने तेलाची बाटली उचलते, कढईत धार सोडते आणि बाटली पुन्हा ओट्यावर ठेवते. आणि बूच? ते मिठाच्या बरणीशेजारी पडलेले असते. दुसरा हात पोळी उलटण्यात गुंतलेला असतो ना! दुपारी केव्हातरी बूच जागेवर जाते. तोवर मुंग्यांना बातमी लागलेली असते आणि बाटलीच्या बुडाचे तेलकट वर्तुळ ओट्यावर उमटलेले असते.

तेल असेल तर फडक्याने पुसून भागते. पण बाटलीत फिनेल असेल तर? किंवा लहान मुलाचे गोड चवीचे तापाचे औषध? तिथे बूच लावायचे विसरणे फार महाग पडू शकते. म्हणूनच एक साधी वाटणारी गोष्ट गेली दीडशे वर्षे कारागिरांचे डोके खात आली आहे. ओतताना उघडेल आणि ओतून झाल्यावर कुणी हात न लावता आपणहून मिटेल असे बूच!

ऐकायला यात काय अवघड आहे? पण जरा विचार करून पाहा. बाटलीतून तेल बाहेर यायचे तर तेवढीच हवा आत जायला हवी. वाट एकच असेल तर दोघांची धक्काबुक्की होते आणि धार गुडगुड करत, उसळत पडते. म्हणजे बुचाला एक सोडून दोन वाटा सांभाळायच्या. शिवाय धार थांबवताना शेवटचा थेंब कडेला चिकटून बाटलीच्या अंगावरून ओघळतो, तो वेगळाच. चहाच्या किटलीच्या चोचीवरून ओघळणाऱ्या चहाने तर मोठमोठ्या शास्त्रज्ञांना कामाला लावले. १९५७ साली जोसेफ केलर या गणितज्ञाने त्यावर निबंध लिहिला आणि २०१७ मध्ये अमेरिकेतील डॅनियल पर्लमन या शास्त्रज्ञाने बाटलीच्या ओठाखाली सुमारे दोन मिलिमीटर रुंदीची खाच फिरवून हा ओघळ थांबवून दाखवला.

पण खरी अडचण याहून निराळी आहे. ओतताना बाटली कलते आणि धक्का लागून पडली तरीही ती कलतेच. माणसाला ओतायचे आहे की चुकून सांडते आहे, हे बिचाऱ्या बुचाला कळावे कसे?

हल्ली अनेक स्वयंपाकघरांत दिसणारी, तोंडावर वजनदार झडप असलेली तेलाची बाटली घ्या. कलली की झडप आपोआप उघडते, सरळ केली की टपकन बसते. एका हाताने काम होते, धूळ आणि माशी बाहेर राहतात. सोय उत्तम! पण हीच बाटली ओट्यावर आडवी झाली की झडप तितक्याच तत्परतेने उघडते आणि सगळे तेल जमिनीवर. तिला ओतणे आणि सांडणे यांत फरकच करता येत नाही. शिवाय ती घट्ट बसत नसल्याने हवा आत जातच राहते. तेव्हा महिनाभराचे तेल तिच्यात भरून ठेवू नये, चार-आठ दिवसांपुरतेच घ्यावे.

या प्रश्नाचे एक जुने आणि झकास उत्तर आपल्यापैकी अनेकांनी जत्रेत प्यायले आहे. गोटी सोडा! इंग्लंडच्या हायरम कॉड या अभियंत्याने १८७२ साली या बाटलीचे पेटंट घेतले. तोपर्यंत सोडावॉटरला लाकडी बूच असे. ते वाळले की आकसायचे आणि गॅस निसटायचा. म्हणून बूच ओले राहावे यासाठी बाटल्या आडव्या ठेवाव्या लागत. त्यांतल्या काहींना तर बूडच गोल, उभ्या राहायचे नावच नको! कॉडने काचेच्या गळ्यात एक गोटी सोडली आणि तोंडाशी रबराची कडी बसवली. बाटली उलटी धरून भरायची. उलटी असताना गोटी कडीवर येऊन बसते आणि आतला गॅसच तिला दाबून धरतो. बाटली मग सरळ केली तरी गोटी हलत नाही. सोडा ज्या गॅसमुळे उसळून बाहेर पडू पाहतो, त्याच गॅसला कॉडने दाराशी पहारेकरी म्हणून उभे केले.

बाटली फोडताना अंगठ्याने गोटी आत ढकलली जाते, ‘फट्ट’ आवाज होतो आणि मुले टाळ्या पिटतात. पण पुढची गंमत फारसे कुणी पाहत नाही. बाटलीच्या गळ्याला एका बाजूने दोन खळगे असतात. ती बाजू खाली ठेवून बाटली कलवली तर गोटी खळग्यांवर अडकते आणि सोडा सुखाने वाहतो. उलट बाजूने कलवली तर गोटी घरंगळत येऊन तोंड बंद करते. म्हणजे बाटली नुसती कलून चालत नाही, ती जाणून कलवावी लागते. ओतणाऱ्याचा हेतू बुचाला सांगण्याची ही युक्ती होती. मात्र गॅस गेला की कडीवर गोटी दाबून धरणारे कुणी उरत नाही. तेलासाठी किंवा औषधासाठी ही बाटली कामाची नव्हे.

हेतू कळवण्याचा आणखी सोपा मार्ग सापडायला पुढे शंभराहून अधिक वर्षे गेली. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात मिडलंड नावाचे गाव आहे. तिथे पॉल ब्राउन यांचा साचेकामाचा छोटा कारखाना होता. उलटी ठेवली तरी गळणार नाही, दाबल्यावरच शाम्पू देईल आणि सोडताच मिटेल अशी बाटली हवी होती. ब्राउन यांनी सिलिकॉनची लवचीक झडप घडवायला घेतली. एक नमुना फसला, दुसरा फसला. नातेवाइकांकडून, मित्रांकडून उसने पैसे घेऊन काम चालूच होते. साच्यात आपण स्वतःच सिलिकॉन होऊन शिरलो तर कसे वाहू, अशी कल्पना करत ते बसायचे म्हणे! एकशे अकरा नमुने वाया गेले. १९९१ मध्ये पुढचा जमला. चार वर्षांनी त्यांनी आपला धंदा सुमारे एक कोटी तीस लाख डॉलरला विकला.

ही झडप आज कित्येक घरांत सॉसच्या उलट्या उभ्या राहणाऱ्या बाटलीत दिसते. झाकण उघडून आत पाहा. मधोमध वाटीसारखे आत दबलेले मऊ पडदे आणि त्यावर फुलीच्या आकाराची चीर. बाटली दाबली की वाटी बाहेरच्या बाजूला उलटते, चिरेच्या पाकळ्या उघडतात. हात सैल केला की बाटली फुगू पाहते, आत ओढ निर्माण होते, वाटी पुन्हा आत जाते आणि पाकळ्या मिटतात. मिटता मिटता शेवटचा थेंबही आत ओढला जातो आणि हवाही त्याच चिरेतून आत शिरते. दोन वाटांचा प्रश्न एकाच दाराने सुटला, तोही पाळीपाळीने! बाटली पडली, उलटी झाली तरी चीर मिटलेलीच. ती उघडायला हाताचा दाब लागतो आणि चुकून सहसा कुणी बाटली दाबत नाही.

औषधाच्या बाटलीत मात्र हेच तत्त्व जिवाच्या मोलाचे ठरते. लहान मुलांना उघडता येऊ नये अशी, दाबून फिरवायची झाकणे कॅनडाच्या डॉ. हेन्री ब्रो यांच्या प्रयत्नांतून १९६७ साली आली. त्यांचा उपयोग मोठा आहे, पण ती नीट लावली तरच. रात्री दोन वाजता तापलेल्या बाळाला औषध पाजून झोपाळलेली आई झाकण अर्धेच फिरवते, यात तिचा दोष काय? २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तीन-चार वर्षांच्या मुलांपुढे अशा बाटल्या ठेवल्या होत्या. झाकण अर्धवट लावलेल्या बाटल्यांपैकी ८२ टक्के बाटल्या मुलांनी दहा मिनिटांच्या आत रिकाम्या केल्या. ज्यांच्या तोंडात ओघ रोखणारे बूच बसवले होते, त्यांतल्या फक्त ६ टक्के रिकाम्या झाल्या, आणि त्यांना तर वरचे झाकणच नव्हते! अशा काही बुचांत चिरेची झडप असते. औषध मोजायच्या सिरिंजचे टोक खुपसले की ती उघडते, टोक काढले की मिटते. इथे हेतू सांगण्याचे काम सिरिंज करते.

औषध घेताना दुकानदाराकडे अशा बुचाच्या बाटलीची चौकशी जरूर करावी. मिळाली नाही तर झाकण लावून झाल्यावर बाटली एकदा उलटी करून पाहावी आणि उंच, कुलपाच्या कपाटातच ठेवावी.

सॉसची रिकामी बाटली धुऊन तेलासाठी वापरायची असेल तर आधी पाणी भरून ती दहा मिनिटे न दाबता उलटी धरावी. चिरेशी थेंब जमू लागले तर झडप थकली आहे असे समजावे. सॉसचे वाळलेले कण पाकळ्यांत अडकूनही असे होते, तेव्हा कोमट पाण्याने धुऊन पुन्हा पाहावे. टाचणीने चीर कोरू नये, ती फाटते. घासलेट मात्र या बाटलीत मुळीच नको. घासलेटाने सिलिकॉन फुगते आणि पाकळ्या एकमेकींना नीट मिळेनाशा होतात. शीतपेयाच्या बाटलीत तर ते कधीच भरू नये. तहानलेले मूल रंग पाहून ती तोंडाला लावते. तसे घडलेच तर उलटी करवायचा प्रयत्न करू नये, कारण त्यात घासलेट फुप्फुसात उतरण्याचा धोका वाढतो. मुलाला सरळ दवाखान्यात न्यावे आणि ती बाटलीही सोबत न्यावी.