विश्लेषण : ‘प्रायव्हेट गार्डन’वाला फ्लॅट भाड्याने देताय? बाग करारात आहे का?

तळमजल्यावरचा प्रशस्त तीन बीएचके, दार उघडले की स्वतःची बाग. पुण्या-मुंबईत अशा फ्लॅटला वरच्या मजल्यापेक्षा जास्त भाडे मागितले जाते, ते बागेमुळेच. पण भाडेकरारात अनेकदा फक्त फ्लॅट नंबर आणि चौरस फूट लिहिलेले असते, बागेचा उल्लेखही नसतो. मग घर सोडताना सुकलेल्या लॉनचे पैसे डिपॉझिटमधून कापले जातात, नाहीतर सोसायटीच ‘ही जागा आमची’ म्हणत मध्ये येते.

बाग मालकाची की सोसायटीची?

जाहिरातीवरून ते ठरत नाही. बिल्डरबरोबरचा खरेदीचा करारनामा आणि मंजूर नकाशा पाहावा लागतो. अनेक ठिकाणी ही बाग इमारतीभोवतीच्या सामासिक अंतरात, म्हणजे साइड मार्जिनमध्ये असते. रेरा कायद्याने उद्याने आणि खेळाच्या जागा सामायिक क्षेत्रात धरल्या आहेत. बिल्डरला मोकळे किंवा स्टिल्टमधले पार्किंग स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला होता. तो पार्किंगबाबतचा होता. पण सामायिक जागा सुटी विकता येत नाही हा त्याचा गाभा बागवाल्या फ्लॅटच्या मालकानेही लक्षात ठेवावा.

काही प्रकल्पांत बाग ‘मर्यादित सामायिक क्षेत्र’ असते. १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्यात ही सोय आहे. तिथे जागा सामायिक असली तरी वापर ठरावीक फ्लॅटपुरता राखीव असतो. मालकाला जेवढा हक्क आहे, तेवढाच तो भाडेकरूला देऊ शकतो. फक्त वापराचा हक्क असेल तर करारात तसेच लिहावे.

११ महिन्यांच्या कराराची नोंदणी लागते का?

लागते. ‘११ महिन्यांचा करार नोटरी केला की झाले’ हा गैरसमज आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. तसा करार नसेल, तर वादात अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे ठरवण्याचा भार मालकावर येतो. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

खर्च किती?

लीव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. समजा, भाडे ६० हजार, परत करायचे डिपॉझिट तीन लाख आणि मुदत ११ महिने. एकूण भाडे ६ लाख ६० हजार होते. त्यात डिपॉझिटवरचे वार्षिक १० टक्के दराने धरलेले व्याज २७,५०० रुपये मिळवायचे. या रकमेवर शुल्क येते साधारण १,७०० रुपये. शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये वेगळी. म्हणजे एका दिवसाच्या भाड्याच्या दीडपटही खर्च नाही.

बागेबद्दल काय लिहावे?

* हद्द : बागेचे मोजमाप, कुंपण आणि वापर फक्त याच फ्लॅटचा की सोसायटीच्या माळ्याला, प्लंबरलाही ये-जा, हे स्पष्ट हवे.
* माळी आणि पाणी : माळ्याचा पगार, खत, पाइप, पंपाची दुरुस्ती कोणाकडे? टँकर आला तर पैसे कोणाचे?
* झाडे : ताबा देताना झाडांची यादी आणि फोटो करारासोबत जोडावेत. ऊन-पावसाने होणारी झीज आणि निष्काळजीपणा यांतला फरक लिहावा. आंबा, शेवगा कोणी उतरवायचा, हेही आधीच ठरलेले बरे.
* तोड : खासगी जागेतले झाडही वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. भाडेकरूने परस्पर कुऱ्हाड चालवू नये, ही अट हवीच.
* शेड : बागेवर पत्रे टाकणे, फरशी घालणे यावर स्पष्ट बंदी हवी. बांधकाम अनधिकृत ठरले तर नोटीस मालकाच्या नावे येते.
* डास : कुंड्यांच्या ताटल्यांत, हौदात साचलेल्या पाण्याची जबाबदारी राहणाऱ्याकडे द्यावी.

सोसायटी अडवू शकते का?

आदर्श उपविधींनुसार भाड्याने देण्यासाठी सोसायटीची परवानगी लागत नाही; आठ दिवस आधी लेखी कळवून कराराची प्रत द्यावी लागते. बिनभोगवटा शुल्क, म्हणजे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. मालमत्ता कर त्या हिशेबात धरायचा नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन कळवता येते, ती पावती जपून ठेवावी.

कराचे काय?

भाडे महिना ५० हजारांपेक्षा जास्त असेल, तर भाडेकरूने दोन टक्के टीडीएस कापून भरायचा असतो. वरच्या उदाहरणात तो १३,२०० रुपये होतो. मालकाने पॅन दिला नाही तर कपात बरीच वाढते. मालकाला भाड्यातून भरलेला मालमत्ता कर वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. माळ्याचा पगार त्यातच आला. तो वेगळा दाखवता येत नाही.

मुदत संपूनही घर सोडले नाही तर?

कलम २४ नुसार मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. पण कराराच्या परिशिष्टात बाग नसेल, तर ताबा नेमका कशाचा घ्यायचा यावरच वाद सुरू होतो. त्यामुळे सही करण्यापूर्वी मालक आणि भाडेकरू दोघांनीही परिशिष्ट उघडून त्यात ‘बाग’ हा शब्द आहे का, ते पाहावे.