गाडी टायर का खाते?

‘गाडी टायर खातेय’ हे वाक्य कुठल्याही गॅरेजमध्ये कानावर पडतं. टायरची बाहेरची कड नव्यासारखी असते आणि आतली कड मात्र गुळगुळीत झालेली असते. नवा टायर घालूनही काही महिन्यांत तेच. अशा वेळी दोष बहुधा टायरचा नसतो. चाक रस्त्यावर कुठल्या कोनात उभं आहे, हा खरा प्रश्न असतो. हा कोन सांभाळणारी एक लहानशी वस्तू गाडीखाली लपलेली असते. तिचं नाव बुश.

एक खरी गाडी समोर ठेवून हे समजून घेऊ. बीएमडब्ल्यूने १९८६ मध्ये ‘ई-३०’ मालिकेतली पहिली एम-३ काढली. ग्रुप-ए शर्यतींत उतरायचं तर वर्षभरात त्या गाडीच्या ५,००० प्रती बनवाव्या लागत, म्हणून शर्यतीसाठी घडवलेली ही गाडी सामान्य गिऱ्हाइकालाही मिळाली. इंजिन २.३ लिटरचं, चार सिलिंडरचं. ताकद मागच्या चाकांना. प्रत्येक मागचं चाक एका तिरक्या आर्मवर बसवलेलं असतं आणि हा आर्म दोन बुशांवर, दाराच्या बिजागरीसारखा, वर-खाली हलतो. मूळ बुश रबराचे. त्यात कोन बदलायची कसलीच सोय कंपनीने दिलेली नाही.

हौशी लोक ही गाडी आखूड स्प्रिंग घालून खाली बसवतात. दिसायला झकास! पण बिजागरी तिरकी असल्यामुळे आर्म वर गेला की चाकाचे दोन कोन बदलतात. मागून पाहिलं तर चाकाचा माथा आत झुकतो. हा निगेटिव्ह कॅम्बर. वरून पाहिलं तर चाकाचं तोंडही थोडं वळतं, हा टो. दोघांत टो जास्त घातक. चाक १ अंशाने तिरपं असेल तर दर किलोमीटरला ते साधारण १७ मीटर आडवं घासलं जातं. माथा आत झुकलेला असल्यामुळे ती घासणी येते आतल्या कडेवर.

त्यात रबर जुनं झालेलं असेल तर कोन एका जागी टिकतही नाही. ब्रेक दाबला की चाक मागे ओढलं जातं, मऊ बुश दबतो आणि चाकाचं तोंड किंचित बाहेर वळतं. पावसात, वळणावर असं झालं तर गाडीची शेपूट सुटते. म्हणजे हा फक्त टायरच्या खर्चाचा मामला राहत नाही, जिवाशी येऊन ठेपतो.

यावर उपाय म्हणून पॉलियुरेथेनचे ॲडजस्टेबल बुश मिळतात. त्यांचं भोक मधोमध नसून एका बाजूला सरकलेलं असतं. बुश फिरवला की बोल्टच्या तुलनेत आर्मचं ते टोक सरकतं. दोन टोकांपैकी एक वर किंवा खाली गेलं तर कॅम्बर बदलतो. पुढे किंवा मागे गेलं तर टो बदलतो. समजा, दोन बुशांत ३०० मिलिमीटर अंतर आहे. एक टोक फक्त ५ मिलिमीटर सरकवलं तरी कोन जवळजवळ १ अंशाने बदलतो. पण भोक फिरतं ते वर्तुळात, त्यामुळे एक कोन सुधारताना दुसराही थोडा हलतोच.

आता बसवणं. आधी अलाइनमेंट मोजून आकडे लिहून ठेवायचे. पुढच्या चाकांना ओट लावून गाडी भक्कम स्टँडवर घ्यायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. हँडब्रेकची केबल, ब्रेकचा पाइप, ॲक्सल, शॉकॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग सोडवून आर्म बाहेर काढायचा. जुने बुश प्रेसवर दाबून काढावेत. रबर जाळून काढायची पद्धत आहे, पण तो धूर विषारी असतो. अडकलेलं कवच करवतीने कापताना आर्मच्या भोकाला चरा पडू द्यायचा नाही. भोक साफ करून, बुशबरोबर दिलेलं खास ग्रीस लावून नवे बुश आणि स्लीव्ह बसवायचे. ग्रीसमध्ये कंजुषी केली तर पुढे चुं-चुं ऐकत बसावं लागतं. दोन्ही बाजूंच्या बुशांच्या खुणा आरशातल्यासारख्या जुळल्या पाहिजेत. ब्रेकचा पाइप सोडला होता, म्हणून शेवटी ब्रेकमधली हवा काढणं आलंच.

गाडी चाकांवर उतरवली, दोन-चार हात पुढे-मागे ढकलून बसू दिली, की पुन्हा अलाइनमेंट. थोडं फिरवायचं, मोजायचं, पुन्हा फिरवायचं. डाव्या-उजव्या चाकांचा टो सारखा हवा, नाहीतर सरळ रस्त्यावरही गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. कोन जमला की सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने बोल्ट आवळायचे. कोणी रबराचेच बुश पुन्हा घातले, तर ते बोल्टही गाडी जमिनीवर उभी असतानाच आवळावेत. आर्म लोंबकळत असताना आवळले, तर गाडी उतरताच रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं.

याची किंमतही मोजावी लागते. रबर रस्त्याची थरथर गिळतं. कडक बुश ती आतल्या माणसापर्यंत पोहोचवतात. शिवाय एक टोक फार सरकवलं तर आर्मची बिजागरी बोल्टच्या रेषेशी तिरकी होते आणि बुशवर ताण येतो. म्हणून गाडी फारच खाली बसवली असेल तर या बुशांनी भागत नाही. आर्म जिथे बसतो तो ब्रॅकेटच वेल्डिंग करून बदलावा लागतो, किंवा सरळ उंच स्प्रिंग परत घालावे लागतात.

तेव्हा बुश ‘ॲडजस्टेबल’ आहे एवढ्यावर खूश होऊ नका. तो फक्त बदलायची मोकळीक देतो. काय बदलायचं आणि किती, हे अलाइनमेंटचा कागद सांगतो. मेस्त्रीकडून गाडी परत घेताना चकचकीत नव्या भागांआधी तो कागद मागून घ्या.