वटपौर्णिमेच्या निमित्ताने बेहड्याची कथा

ज्येष्ठी पौर्णिमेस वडाला सूत गुंडाळणाऱ्या सुवासिनींना आज आम्ही एका निराळ्याच वृक्षाची हकीकत सांगणार आहोत. हा वृक्ष पूजेतला नव्हे. किंबहुना शुभकार्यात त्याचे नावही कोणी काढीत नाही. महाभारतातील नलोपाख्यान ज्यांनी ऐकले आहे त्यांना स्मरत असेल की, नळाच्या देहातून बाहेर पडलेला कली ज्या झाडात शिरला, ते झाड बेहड्याचे होते. त्याच झाडाची पाने आणि फळे ऋतुपर्ण राजाने रथातून नुसती दृष्टी टाकून अचूक मोजली होती. कलीच्या त्या वास्तव्याने झाडाला बोल लागला. मात्र त्याचे फळ हिरडा व आवळा यांच्या संगतीने त्रिफळाचूर्ण होऊन आपल्या घरात सुखाने नांदत असते!

सह्याद्रीच्या देवरायांत या वृक्षाचे जुने, प्रचंड बुंधे आजही आढळतात. देवाच्या नावाने राखलेल्या या रानांचे मोल डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात अभ्यासपूर्वक जगापुढे मांडले. बेहड्याच्या खोडातील ढोलीत धनेश पक्षी घर करतो. मादी आत बसून ढोलीचे दार लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. मग कित्येक आठवडे नर तिला फळे आणून भरवीत राहतो. सावित्रीने पतीसाठी व्रत केले. येथे पतीच पत्नीसाठी व्रतस्थ होतो, असे म्हणावयास हरकत नाही. वड, पिंपळ, उंबर यांच्या कुळातील फळे हे धनेशाचे आवडते अन्न, आणि त्यांचे बीज रानभर पसरविणारा तोच. म्हणजे ज्या वडाची आपण पूजा करतो, त्याचा वंश काही अंशी बेहड्याच्या ढोलीवर अवलंबून आहे.

परंतु देवराईची सीमा ओलांडली की रान खाजगी मालकीचे असते. घरात आजारपण किंवा लग्नकार्य निघाले की जुने झाड लाकडासाठी विकले जाते. त्या मालकास दोष देणे सोपे आहे. त्याची नड भागविणे अवघड. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने येथे उद्योगाची सांगड घातली. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील पुक्का हर्ब्ज ही कंपनी हिरडा-बेहड्याची ग्राहक झाली, आणि २०१५ साली या फळांना ‘फेअरवाइल्ड’ हे प्रमाणपत्र मिळाले. अट अशी की झाडास इजा करावयाची नाही, काही फळे रानासाठी ठेवावयाची आणि गोळा करणाऱ्यास रास्त मोल द्यावयाचे. तोडलेले झाड एकदाच पैसा देते, उभे झाड दरसाल देते, हा हिशेब गावकऱ्यांस कोणी समजावून सांगावा लागत नाही.

आपल्याकडील कंपन्यांचाही हात आता सैल झाला आहे. २०१३च्या कंपनी कायद्याच्या १३५व्या कलमान्वये मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के समाजकार्यास द्यावे लागतात, आणि पर्यावरणरक्षण त्यात मोडते. हा पैसा बहुधा रोपे लावण्याकडे वळतो. रोप मोजता येते, त्याचे छायाचित्र घेता येते, वार्षिक अहवालात आकडा छापता येतो. न तोडलेल्या झाडाचा आकडा कोणत्या रकान्यात लिहावा? ऋतुपर्णालाही तो सांगता आला नसता. रोप लावू नये, असे आम्ही म्हणत नाही. उघड्या माळावर ते लावलेच पाहिजे. मात्र पहिले दोन-तीन उन्हाळे त्याला पाणी कोण घालणार आणि गुरांपासून कोण राखणार, हे करारात लिहिलेले असावे. गावाची संमती तर त्याच्याही आधी हवी.

ग्राहक कंपनीच्या वाटेतही धोका आहेच. उद्या तिने खरेदी थांबविली, तर लाकूड-व्यापारी पुन्हा त्याच अंगणात येऊन उभा राहील. म्हणून एकाच कंपनीच्या आधारावर न राहता आपल्याकडील औषधी कारखान्यांनीही हा माल अशाच अटींवर घ्यावा, असे आम्हांस वाटते. त्रिफळाचूर्णाची डबी विकत घेताना तिच्यातला बेहडा कोणत्या रानातला, हे तिच्यावर छापलेले आहे का, ते गृहिणींनी पाहावे. नसेल तर दुकानदारास विचारावे.