जोडलेला संगणक सुरूच होईना?

गटाच्या हिशेबासाठी लॅमिंग्टन रोडवरून जुने-नवे भाग आणून संगणक जोडला आणि बटण दाबूनही ढिम्म, तर लगेच पैसे बुडाले म्हणू नका. आधी मागचा छोटा स्विच बघा. बऱ्याचदा तोच बंद असतो! मग प्लग काढून झाकण उघडा. मदरबोर्डला वीज दोन ठिकाणी लागते: 24 पिनांची मोठी जोडणी, आणि प्रोसेसरजवळ 4 किंवा 8 पिनांची. ही छोटी राहिली तर पंखे फिरतात, पण पडदा काळाच. तीही नीट असेल, तर रॅम काढून तिच्या सोनेरी कडेवर हलकं खोडरबर फिरवा आणि 'टक्' आवाज येईपर्यंत परत दाबा. आपल्या माहुलच्या खाडीकाठी, दमट हवेत, हे अधूनमधून करावंच लागतं. पॉवर सप्लायचा डबा मात्र कुणी उघडू नका. प्लग काढल्यावरही आत वीज साठलेली असते. तो पावतीसकट दुकानात न्या.